कात्री न लागलेला फोटो

आमच्या चौघींचा एकच फोटो निघाला आणि त्याच्या तीन प्रती झाल्या. चौथी का झाली नाही, हे मी आयुष्यभर तुकड्यातुकड्यांनी सांगत आले. एखादा तुकडा नवऱ्याला सांगितला, एखादा शाळेतल्या सहकारी बाईंना, आणि प्रत्येक वेळी माझ्या वाट्याचा तुकडा तेवढा वगळला. वर्गात मी मुलींना सांगत असे की प्रयोग लिहिताना साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान हा क्रम मोडू नका. क्रम मोडला की चूक नेमकी कुठे झाली ते सापडत नाही. मला ते सापडू द्यायचे नव्हते. आता निवृत्त झाले आहे. क्रम एकदा नीट लावून ठेवते.

आमचे गाव पाटोद्यापासून एस.टी.ने पाऊण तासाच्या अंतरावर, बालाघाटाच्या माथ्यावर आहे. दहावीच्या वर्गात आम्ही चौघीच मुली होतो. माझे वडील सोसायटीचे सचिव होते. सोसायटी म्हणजे गावची सेवा सहकारी संस्था. बी-बियाणे आणि खत तिथून मिळे. दुसरी मुलगी गावच्या शिंप्याची, तिसरी सरपंचांची पुतणी. चौथीचे आईवडील दरवर्षी दसरा झाला की ऊस तोडायला कृष्णेकडच्या सहकारी कारखान्यांवर जात, आणि ती सहा महिने चुलतीच्या घरी राहून शाळा करी. या चौथीला मी येथे 'ती' एवढेच म्हणेन.

पाचवीपासून वर्गात पहिली ती येत असे आणि दुसरी मी. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात किती अंतर असते हे दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला जितके नेमके ठाऊक असते तितके पहिलीला कधीच नसते. ती माझ्याशी स्पर्धा करत नव्हती. तिला नर्स व्हायचे होते. आईच्या पायावर कोयता बसला तेव्हा ती आईबरोबर अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात बारा दिवस राहिली होती. तिथून आल्यावर तिने आम्हाला सांगितले होते, "नर्स बाई खाटंच्या पाटीवर लिहितात, अन् डाक्टर येऊन तेच वाचतेत. आधी नर्स, मग डाक्टर." दहावी पास झाल्यावर नर्सिंगचा अर्ज करता येतो, हेही ती तिथेच विचारून आली होती.

त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस गेला. आश्विनातच विहिरींनी तळ दाखवला आणि टँकर सुरू झाला. टँकर सोसायटीच्या गोदामाशेजारच्या हौदात रिकामा होई आणि हौदाच्या झाकणाची किल्ली वडिलांकडे असे. आमच्या घरी पाणी मोजून वापरत, पण ते स्वच्छ असे. ती नदीच्या पात्रात खोदलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरून आणी.

ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाला मजूर जमवणारा मुकादम टोळीत घेत नाही. पाटोद्याजवळच्या एका घरातला मुलगा एकटा होता, आणि अशा वर्षी मुलगी चुलतीच्या घरी ठेवणे तिच्या वडिलांना परवडणारे नव्हते. नवरात्राच्या आधी, लग्नाचा महिना नसताना, तिचे लग्न झाले. निघायला वेळ होता म्हणून पुढचे तीन आठवडे ती गळ्यात मंगळसूत्र घालून गणवेशात शाळेत येत राहिली. तिच्या वडिलांनी एक गोष्ट मात्र मुलीच्या सासऱ्याकडून चार माणसांत कबूल करून घेतली होती: दहावीचा फॉर्म भरायचा, आणि मार्चमध्ये परीक्षेपुरते मुलीला उसाच्या फडातून गावी पाठवायचे. फॉर्म भरला गेला नाही तर सासरे शब्दातून मोकळे होते. तिचे शिक्षण आता त्या एका कागदावर उभे होते.

त्या कागदाला फोटो लागत असे. आम्हा तिघींचे फोटो गणपतीच्या दिवसांत शाळेत आलेल्या फोटोग्राफरने काढले होते. त्या दिवशी तिला पाहायला पाहुणे आले होते, म्हणून ती शाळेत नव्हती.

"ही चालली," शिंप्याची मुलगी म्हणाली, "तर चौघींचा एक फोटो काढू. हिच्या फॉर्माचं बी त्यातच भागंल."

पाटोद्यात एकच स्टुडिओ होता. त्याचा मालक म्हातारा होता आणि सगळे त्याला चाचा म्हणत. दुष्काळामुळे त्याने दारावर खडूने लिहिले होते: 'धुण्याचे पाणी गिऱ्हाइकाने आणावे.' आजच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवे. त्या काळचा काळा-पांढरा फोटो रसायनातून काढल्यावर भरपूर स्वच्छ पाण्यात धुवावा लागे. धुणे कमी पडले तर रसायन कागदात राहते आणि काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो. पाणी गढूळ असेल तर गाळाचे कण ओल्या फोटोत रुततात आणि मग निघत नाहीत. मोठ्या फोटोच्या एका प्रतीला पाच लिटरचा एक कॅन, असा चाचांचा हिशेब होता.

बाजारच्या दिवशी आम्ही चौघी गोडेतेलाचे धुतलेले कॅन मांडीवर घेऊन एस.टी.त बसलो. कंडक्टरने चार कॅन पाहिले.

"पाण्याचं बी तिकीट काढा गं पोरींनो."

"पाण्याला हाफ लागतं का फुल?" सरपंचांच्या पुतणीने विचारले.

"यंदा पाण्याला फुल हाय आन् माणसाला हाफ," तो म्हणाला आणि त्याने आम्हाला पूर्ण तिकिटे दिली.

तिचा कॅन माझ्या शेजारी होता. तिने रात्री त्यात तुरटी फिरवून ठेवली होती. वरचे पाणी काचेसारखे नितळ होते आणि तळाशी दोन बोटे गाळ बसला होता. गाळ बसल्यावर वरचे पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचे असते. याला निवळणे म्हणतात आणि ते आम्हाला सातवीच्या विज्ञानात होते. निघताना तिची आई दारात उभी राहून घाई करत होती, त्यामुळे तिने तोच कॅन उचलला होता. गाडी घाटात उतरताना पाणी ढवळले जाणार हे मला स्टँडवरच कळले. आमच्या घराच्या ओसरीवर रिकामा कॅन होता. गाडी सुटायला वेळ होता. मी त्या वेळी काही बोलले नाही, आणि आपण का बोलत नाही हा प्रश्नही स्वतःला विचारला नाही.

स्टुडिओच्या मागच्या पडद्यावर एक बाग रंगवलेली होती आणि बागेच्या मध्यभागी कारंजे. चाचांनी एकेक कॅन दारातल्या उजेडात धरून पाहिला. तीन बाजूला ठेवले. चौथा त्यांनी पुन्हा हलवून पाहिला.

"हे कुठलं पानी, बेटा?"

"झिऱ्याचं, चाचा. तुरटी फिरवलीय. सकाळी निवळ होतं."

"सकाळी आसंल. आता चहा झालाय बघ." त्यांनी कॅन तिच्या हातात परत दिला. "ह्यानं धुतला तर सगळ्यांच्या तोंडावर देवी आल्यावानी दिसंल."

आम्ही तिघी हसलो. तीही हसली.

"फोटो तर काढू," चाचा म्हणाले. "काढायला पानी लागत न्हाई."

त्यांनी तिला मध्ये खुर्चीवर बसवले. "दुल्हन मध्ये," ते म्हणाले. शिंप्याची मुलगी डावीकडे, सरपंचांची पुतणी उजवीकडे, आणि मी मागे उभी. "तू तिच्या खांद्यावर हात ठेव. दोस्ती दिसू दे." मी हात ठेवला. बसण्याआधी तिने आम्हा तिघींच्या ओढण्या सरळ केल्या होत्या आणि माझ्या वेणीची सुटलेली रिबीन बांधली होती. तिचे स्वतःचे केस विंचरायचे राहिले होते. फोटोत ते कानावर आलेले दिसतात.

फोटो निघाल्यावर चाचांनी मार्ग सुचवला. "तुमच्या तिघींच्या पान्यात मी हिचा एक छोटा काढतो, फॉर्मापुरता. पन पानी वाटलं जाईल. फोटो आज चांगले दिसतील. पुढं पिवळे पडले तर मला शिव्या देऊ नका."

शिंप्याची मुलगी माझ्याकडे पाहत म्हणाली, "तू सांग. तू मॉनिटर हायेस."

येथे मी काय बोलले ते मला शब्दशः आठवते, कारण पुढे अनेक वर्षे मी ते मनात दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला आहे. मी म्हणाले, "चौघींचा फोटो एकदाच निघणार आहे, चाचा. तो नियमाप्रमाणे धुवा."

चाचांनी माझ्याकडे पाहिले आणि खांदे उडवले. तिने माझीच बाजू घेतली.

"बरोबर हाय तिचं. सारखा सारखा थोडाच निघतो. मी तर फोटोत हायेच की. मग असं करा, कुणाच्याबी एका फोटोतून माझं तोंड कापून फॉर्माला लावा. मला अख्खा फोटो नेऊन काय करायचाय उसात?"

"मध्येच बसलीस तू," चाचा म्हणाले. "कापलं तर फोटोला खिडकी पडंल."

"पडू द्या. वारं येईल ह्यांना."

मग कोणाचा फोटो कापायचा यावर बोलणे सुरू झाले, आणि ते थट्टेच्या सुरातच झाले.

"माझा न्हाई," शिंप्याची मुलगी म्हणाली. "आमची आई मशिनीच्या वर लावणार हाय. गिऱ्हाईक इचारंल, हे भोक कशाचं."

"माझ्यातून कापला तर काका म्हणतेल, ह्यातली कोण मेली?" सरपंचांची पुतणी म्हणाली.

सगळ्यांत जास्त ती हसत होती. शेवटी मी चिठ्ठ्या टाकण्याचे सुचवले. वहीचे पान फाडून तीन सारखे तुकडे केले, तीन नावे लिहिली, सारख्या घड्या घातल्या. चिठ्ठी उचलायला तिलाच सांगितले. तिने घडी उघडली, माझे नाव वाचले आणि मोठा श्वास सोडला.

"सुटले बाई मी. ह्या दोघी इसरल्या असत्या. तू न्हाई इसरायची."

परतीच्या गाडीत आमचे तीन कॅन रिकामे होते आणि तिचा भरलेला. सरपंचांची पुतणी म्हणाली, "ओतून दे की आता, कशाला मांडीवर वझं?" ती म्हणाली, "म्हैस पिईल." आणि तिने तो कॅन घरापर्यंत नेला.

दोन दिवसांनी टोळी निघाली. ट्रकच्या मागच्या भागात कडब्याच्या पेंढ्या, भांडी, कोंबड्या, लहान मुले आणि त्यांच्यावर बायका बसल्या होत्या. आम्ही तिघी निरोप द्यायला गेलो. ट्रक हलल्यावर ती पेंढ्यांवर उभी राहिली आणि ओरडली, "सोमवारी शेवटची तारीख हाय!" मी हात वर केला. तिला तेवढे पुरेसे वाटले असावे, कारण ती लगेच खाली बसली.

शनिवारी वडील पाटोद्याला गेले होते. तेच तिन्ही फोटो घेऊन आले. दोन मी दोघींना पोचवले. माझा फोटो रात्रीच्या जेवणाआधी, दिवसाच्या उजेडातच, ओसरीवर घेऊन बसले. फोटो उत्तम धुतला गेला होता. पट्टीने मी फॉर्मावरच्या चौकटीचे माप घेतले, तेच माप फोटोवर तिच्या चेहऱ्याभोवती ठेवले आणि पेन्सिलीने चार बारीक रेघा मारल्या. चौकट बरोबर बसली. फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यात, तिच्या खांद्यावर ठेवलेल्या माझ्या हाताची बोटे चौकटीत येत होती. कात्री चालवली असती तर तिच्याबरोबर माझी बोटेही कापली गेली असती.

मी स्वतःला सांगितले की फॉर्मावरच्या फोटोत दुसऱ्याची बोटे चालणार नाहीत. पट्टी अर्धा सेंटिमीटर वर सरकवली असती तर बोटे सुटत होती. तेही मी करून पाहिले आणि पट्टी पुन्हा खाली आणली. मी असेही सांगितले की मैत्रीची एकुलती एक आठवण फाडणे बरे नव्हे, आणि हे वाक्य मला त्या वयात फार सुंदर वाटले. खरे कारण जेवायला बसल्यावर वडिलांनी उच्चारले. ते वाईट मनाचे नव्हते. मुलीच्या प्रगतीचा विचार करणारे गृहस्थ होते. ताटाभोवती पाणी फिरवत ते म्हणाले, "ती पोरगी गेली म्हणतात. यंदा तुला मोकळं रान आहे."

मी मान हलवली. कात्री आईच्या शिवणाच्या डब्यात होती. ती मी बाहेर काढलीच नाही.

सोमवारी शाळेचे कारकून वर्गात आले. त्यांच्या हातात तिचा फॉर्म होता. सही होती, वडिलांचा अंगठा होता, चौकट कोरी होती.

"हिचा फोटो कोण आणणार होतं?"

शिंप्याची मुलगी आणि सरपंचांची पुतणी माझ्याकडे पाहू लागल्या. त्यांचे फोटो दोन दिवसांपूर्वी मीच त्यांच्या हातात दिले होते.

"स्टुडिओतून अजून आले नाहीत, सर," मी म्हणाले. "त्यांच्याकडे पाणी नाही."

त्या दोघी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प बसण्यावर मी माझ्या दोषाचा काही भाग टाकत नाही. मी मॉनिटर होते. माझ्यानंतर बोलायची त्यांना सवय नव्हती. कारकुनांनी चौकटीवर पेन्सिलीने फुली मारली आणि फॉर्म बगलेतल्या फायलीत परत घातला. दुपारी पाटोद्याला गेलेल्या गठ्ठ्यात तो नव्हता.

परीक्षेचे केंद्र पाटोद्याला होते. गणिताच्या पेपरच्या सकाळी मी आवारातल्या कडुलिंबाखाली सूत्रे पाठ करत बसले होते, तेव्हा ती फाटकातून आत आली. ती मला प्रथम ओळखू आली नाही. उसाच्या पात्यांनी तिचे गाल आणि हात बारीक चिरले होते, आणि चिरांवर काळे बसले होते. कारखान्याहून दीड दिवसाचा प्रवास करून, तीन गाड्या बदलून ती आली होती. भाषेचे पेपर आधीच झाले होते. मुकादमाने उशिरा सोडले, तेवढे विषय पुढच्या खेपेला देईन असे तिने ठरवले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गणिताचे पुस्तक होते, आणि त्याची पाने उसाच्या रसाने एकमेकांना चिकटली होती. ती सरळ भिंतीवरच्या यादीकडे गेली. बोट ठेवून तिने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर, आणि मग पुन्हा वरून खाली. नंतर माझ्याकडे आली.

"माझा नंबर न्हाई यादीत. फोटो दिलता ना तू?"

"दिला होता," मी म्हणाले. "ऑफिसात कुठेतरी हरवला असेल."

तिने वळून पुन्हा एकदा यादीकडे पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे तुझा फोटो बी उगंच वाया गेला की. खिडकी पडली आसंल मध्ये."

"असू दे," मी म्हणाले.

घंटा झाली. तिने पिशवीतून दोन पेन काढले आणि एक मला दिला, कारण आता तिला दोन्ही लागणार नव्हते. तीन तासांनी मी बाहेर आले तेव्हा ती त्याच लिंबाखाली बसलेली होती. तिने माझ्या हातातली प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि काडीने मातीवर गणिते सोडवू लागली. शाळेत ती असेच करी. चौथे गणित संपवून तिने विचारले, "तुझं किती आलं?" मी सांगितले. "चुकलं," ती म्हणाली, "वजाचं चिन्ह पुढं न्यायचं इसरलीस." तिचे बरोबर होते. तिने माती हाताने पुसली आणि संध्याकाळच्या गाडीने फडावर परत गेली. फॉर्म नाही, परीक्षा नाही. सासरे शब्दातून मोकळे झाले आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्या वर्षी शाळेत मी पहिली आले.

पुढे मी अंबाजोगाईला अध्यापक विद्यालयात शिकले. विद्यालयाच्या वाटेवर नर्सिंगच्या मुलींचे वसतिगृह होते. सकाळी त्या पांढऱ्या कपड्यांत रांगेने बाहेर पडत. मला तिथून दोन वर्षे रोज जावे लागले आणि मी दुसरी वाट शोधली नाही, कारण दुसरी वाट लांबची होती. त्या काळात मी फार पश्चात्तापात जगले असे लिहिले तर ते खोटे ठरेल. मी अभ्यास केला, नोकरी लागली, लग्न झाले. पाटोदा तालुक्यातच शिक्षिका झाले, आणि बऱ्याच वर्षांनी आमच्याच गावच्या माध्यमिक शाळेत बदलून आले. त्या वेळी तिचा नवरा फडातल्या अपघाताने अधू झाला होता आणि ती माहेरच्या गावी येऊन राहिली होती. तिला दोन मुली होत्या. दोघी माझ्या वर्गात आल्या.

ती मला आता 'बाई' म्हणत असे आणि मी तिला 'तू' म्हणत असे. हे कोणी ठरवले नव्हते.

थोरली दहावीला गेली तेव्हाही दुष्काळ होता. तिची आई दिराच्या जोडीला कोयता धरून फडावर गेलेली होती. फॉर्म भरण्याच्या दिवसांत बहुतेक पालक मुलांच्या हातीच फोटो पाठवत. ती स्वतः आली. तीन गाड्या बदलून, कामावरचे दिवस मोडून आली, आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली. कमरेच्या पिशवीतून तिने मुलीचे दोन फोटो काढून माझ्यासमोर ठेवले.

"बस ना," मी म्हणाले.

"न्हाई बाई. फोटो माझ्यासमोर लावा."

मी तिच्यासमोर फोटो चिकटवला. मुख्याध्यापकांचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर उठेपर्यंत ती उभी राहिली. दुसरा फोटो तिने परत पिशवीत ठेवला. मी तो तिचा काटेकोरपणा समजले. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकलो होतो. थोरली पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. तीही आता कोयत्यावर आहे.

धाकटीच्या फॉर्मच्या वेळी माझ्या निवृत्तीला चार महिने होते. ती पुन्हा आली, पुन्हा तशीच उभी राहिली, पुन्हा दोन फोटो टेबलावर ठेवले. खोलीत दुसरे कोणी नव्हते. डिंकाची बाटली उघडताना माझ्या मनात आले की ही संधी गेली तर मी हे कधीच सांगणार नाही. मी क्रम लावत बसले नाही.

"तुझा फोटो ऑफिसात हरवला नव्हता," मी म्हणाले. "मी दिलाच नव्हता."

"म्हायती हाय," ती म्हणाली.

तिच्या आवाजात चढउतार नव्हता. वर्गात प्रश्नाचे उत्तर देताना ती असेच बोलत असे.

"कधीपासून?"

"त्याच साली. उन्हाळ्यात टोळी परत आली तवा मी तुमाला भेटाय आलते. तुमी अंबाजोगाईला गेलतात, अॅडमिशनला. तुमच्या आईनं पाणी दिलं, आन् भिंतीवरचा फोटो दाखवला. अख्खा व्हता."

मी विचारले, "मग इतकी वर्षं तू काहीच का बोलली नाहीस?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. एखाद्या मुलाला साधे गणित सुटत नसेल तर मी जशी पाहत असे, तशी.

"पोरी तुमच्याच हाताखाली शिकायच्या व्हत्या, बाई. हिकडं दुसरी शाळा कुठंय? तुमाला राग आला आसता तर मी कुठं नेल्या आसत्या?"

तिने थोरलीला पाचवीत आणून घातले होते, तेव्हापासूनची सगळी वर्षे माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. गावात असे त्या प्रत्येक संक्रांतीला तिने तिळगूळ आणून दिला होता. शिक्षकदिनाला मुलींच्या हाती फुले पाठवली होती. पालकसभेत एकदा उठून ती म्हणाली होती की या बाईंवर आमचा विश्वास आहे, आणि मी ते ऐकून सभेत मान खाली घातली होती, नम्रतेने. ती तेव्हा मला ओळखून बोलत होती.

"मी चुकले," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. मग टेबलावरचा फोटो तिने बोटाने फॉर्मावरच्या चौकटीजवळ सरकवला. "डिंक लावा."

मी डिंक लावला. फोटो थोडा तिरका बसला. तिने तो उचलून सरळ केला, अंगठ्याने चारही कोपरे दाबले, आणि डिंक वाळेपर्यंत अंगठा तसाच ठेवून उभी राहिली. मग शिक्का मारून आणा म्हणाली. मी मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाले तेव्हा ती माझ्यामागून आली, आणि कागद माझ्या हातात असेपर्यंत तिने त्याच्यावरची नजर काढली नाही.